टीकाकार : एका शब्दाचे दोन अर्थ

‘टीकाकार’ म्हटले की आज दोष काढणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मूळ अर्थ मात्र निराळा आहे. संस्कृतातील ‘टीक्’ धातूचा अर्थ जाणे. जिच्यायोगे ग्रंथाच्या अर्थापर्यंत जाता येते ती टीका, अशी या शब्दाची जुनी व्युत्पत्ती आहे. सूत्रांचे विवरण करणारा तो भाष्यकार. पतंजली, शंकराचार्य हे त्या पंक्तीतले. काव्यातील एकेक पद उकलून दाखविणारा तो टीकाकार. आपल्या तेलंगणातील कोलाचल मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवर ‘संजीवनी’ टीका लिहिताना, निराधार किंवा अनावश्यक काही लिहिणार नाही, असा नेम केला होता.

मराठीत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच होय. भाष्यकारांना वाट पुसत आपण निघालो, असे ज्ञानदेव नम्रपणे सांगतात.

एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांतून ग्रंथपरीक्षणे येऊ लागली. गुणदोषांच्या विवेचनालाही ‘टीका’ हे नाव मिळाले. आणि बोलण्यात गुण मागे पडून दोष तेवढे उरले. मल्लिनाथाचा नेम आजच्या टीकाकारानेही पाळावा असाच आहे. गीतेवर टीका झाली म्हणून गीता उणी ठरली नाही. उलट ती मराठी घराघरांत पोचली.