त्रे: फ्रेंच सुतारांची रेघ

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी आग लागली. त्याचे उंच शिखर कोसळताना जगभरच्या लोकांनी टीव्हीवर पाहिले. दगडी कमानींच्या वर आणि शिशाच्या पत्र्याखाली ओकच्या लाकडाचा एक प्रचंड सांगाडा होता. फ्रेंच लोक त्याला ‘जंगल’ म्हणत. मुख्यतः तेराव्या शतकातला हा सांगाडा शंभर मीटरहून लांब होता, दहा मीटरच्या आसपास उंच होता आणि त्याच्या पाख्यांचा उतार 55 अंशांचा होता. एका रात्रीत त्याची राख झाली. डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रलचे दरवाजे पुन्हा उघडले, तेव्हा वर तसाच सांगाडा उभा होता: ओकचाच, जुन्याच रचनेचा आणि बव्हंशी कुऱ्हाडीने घडवलेला. हे साडेपाच वर्षांत कसे साधले, हे समजून घ्यायचे तर फ्रान्समधल्या ‘शारपाँत’ या कलेची, म्हणजे छपराच्या सुतारकामाची, ओळख करून घ्यायला हवी.

उतरत्या छपराची मूळ अडचण सगळीकडे सारखीच. दोन वासे आढ्याशी एकमेकांना टेकवले की भाराखाली ते पाय पसरू पाहतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. म्हणून त्यांचे पाय एका आडव्या तुळईने बांधून ठेवावे लागतात. या तुळईला फ्रेंच सुतार ‘आँत्रे’ म्हणतात, वाशाला ‘शेव्राँ’, मधल्या उभ्या खांबाला ‘प्वँसाँ’ आणि या सगळ्यांची मिळून जी कैची होते तिला ‘फेर्म’. नोत्र दामच्या रचनेत वाशांच्या प्रत्येक जोडीची स्वतंत्र कैची केलेली होती. ठरावीक अंतरावर पूर्ण तुळई असलेल्या मुख्य कैच्या, त्यांच्या मध्ये बिनतुळईच्या हलक्या कैच्या, आणि त्या हलक्या कैच्यांचा भार लांबीच्या दिशेने मुख्य कैच्यांकडे नेणारी आडवी लाकडे. भिंतींवर भार कुठे आणि किती पडावा, याचा विचार बांधणाऱ्यांनी आठशे वर्षांपूर्वी केलेला होता.

या ‘जंगला’साठी शेकडो वर्षांचे महावृक्ष तोडले असतील, असा समज आगीनंतर बराच पसरला. मध्ययुगीन छपरांचे अभ्यासक फ्रेदेरिक एपो यांनी तो खोडून काढला. जुन्या सांगाड्यातले बहुतेक ओक जेमतेम 25 ते 30 सेंटीमीटर जाडीचे आणि 12 मीटर उंचीचे होते. दाटीत वाढलेली, उजेडासाठी सरळ वर गेलेली ही तरुण झाडे. एका झाडाची एकच तुळई किंवा वासा. तोडल्यावर लाकूड वर्षानुवर्षे वाळवायचे नाही, ओले असतानाच घडवायचे. ओला ओक कुऱ्हाडीला वश होतो, वाळलेला लोखंडासारखा कडक होतो.

तासण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. ओंडका लाकडी घोड्यांवर घट्ट बसवतात. त्यावर सूत ताणून सरळ रेघ मारतात. रेघेपर्यंत खोल खाचा पाडतात आणि दोन खाचांमधले लाकूड फोडून काढतात. मग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने कड साफ करतात. करवत रेघ पाहून चालते, वाटेत आलेला तंतू कापून टाकते. कुऱ्हाड तंतूच्या कलाने जाते. खोड जरा वाकडे असेल तर तुळईही जरा वाकडी होते, पण तिचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात आणि तिचे बळ त्यातच असते. नव्या छपरासाठी अशा कुऱ्हाडी अल्सास प्रांतातल्या लोहारांकडून खास घडवून घेतल्या गेल्या.

पण दोन वाकड्या लाकडांचा सांधा बिनचूक बसवायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे या कलेचा गाभा. त्याला ‘त्रे’, म्हणजे रेघ, असे साधे नाव आहे. सुतार आधी कार्यशाळेच्या जमिनीवर कैचीचे पूर्ण आकाराचे चित्र आखतो. बारा मीटरची तुळई असेल तर रेघही बारा मीटरची. मग खरी लाकडे त्या रेघांवर ठोकळे देऊन एकावर एक रचतो आणि ओळंबा सोडतो. ओळंब्याची दोरी जिथे जिथे लाकडाला लागते तिथे खूण होते. वरच्या लाकडाची नेमकी बाजू, तिचा पीळ, तिचा फुगवटा, सगळे त्या खुणांत उतरते. त्या खुणांवरून कापलेले कुसू मग एकाच खाचेत बसते, दुसऱ्या कुठल्याही नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर क्रमांकाची खूण कोरतात, जमिनीवर एकदा कैची जुळवून पाहतात, मग सुटी करून वर चढवतात. 2009 मध्ये युनेस्कोने या ‘त्रे’ला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. पुढच्याच वर्षी ‘कंपान्योनाज’लाही ते मिळाले. गावोगावच्या कार्यशाळांत फिरत, थोरांच्या हाताखाली राबत कारागिरी शिकण्याची ही तिथली जुनी परंपरा.

आगीनंतर दोनच दिवसांनी फ्रान्सच्या पंतप्रधानांनी नव्या शिखरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेची घोषणा केली. काचेच्या, पोलादाच्या कल्पना पुढे आल्या. जुन्या पद्धतीने बांधणे आता शक्य आहे का, अशी शंकाही होती. त्या शंकेला सुतारांनी हाताने उत्तर दिले. सप्टेंबर 2020 मध्ये ‘शारपाँतिए साँ फ्राँतिएर’ या सुतारांच्या संघटनेने जुन्या सांगाड्यातली सातव्या क्रमांकाची कैची कुऱ्हाडीने घडवली आणि कॅथेड्रलसमोरच्या चौकात सगळ्यांदेखत दोरांनी ओढून उभी केली. जसे होते तसेच बांधायचे, हा निर्णय तोवर झालेला होता. ते कसे बांधता येईल, हे लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

हे ऐनवेळी जमलेले नव्हते. बर्गंडीत गेदेलाँ येथे 1997 पासून तेराव्या शतकातल्या साधनांनी एक किल्ला बांधला जात आहे. तिथे घडलेले सुतार नोत्र दामच्या कामावर आले. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो या दोन तरुण वास्तुविशारदांनी 2014 मध्ये त्या अंधाऱ्या माळ्यावर बसून सांगाड्याची मोजमापे घेतली, बारीकसारीक आरेखने केली. इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 च्या सुमारास लेसरने सगळी वास्तू मोजून ठेवली होती. टॅलन आगीच्या आदल्या वर्षी वारले. फ्रोमाँ पुढे फिलिप व्हिलनव्ह यांच्यासोबत पुनर्बांधणीच्या मुख्य वास्तुविशारदांपैकी एक झाले. स्वतःच मोजलेले छप्पर त्यांनी पुन्हा उभे केले.

सगळे मिळून सुमारे दोन हजार ओक लागले. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी रचलेले 96 मीटरचे शिखरही लाकडातच पुन्हा उभे राहिले. आजच्या काळाची भर तेवढी जपून घातली: माळ्यात पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा आणि आग एका भागातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आडोसे.

याच सुतारांचे रोजचे काम मात्र साध्या घरांचे असते, आणि तिथे प्रश्न वेगळे. कॅथेड्रलच्या माळ्यात वारा खेळता राहिला, म्हणून ओक शतकानुशतके कोरडा राहिला. घराच्या माळ्यात मात्र ऊब अडवण्यासाठी काचलोकर, कागदाचा लगदा किंवा तागासारखे तंतू भरतात. घरातली दमट हवा त्या थरात शिरून थंड लाकडापाशी निवली की पाणी सुटते आणि वासे कुजू लागतात. म्हणून उबेच्या बाजूला वाफ रोखणारा पडदा लावतात आणि बाहेरच्या बाजूला वारा खेळता ठेवतात. वाशाची जाडी ठरवताना आजच्या सुताराला हेही पाहावे लागते.

नोत्र दामचे श्रेय पैशाला आणि सरकारी निर्धाराला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पैसा ओक विकत घेऊ शकतो, बारा मीटरची रेघ आखणारा हात आयत्या वेळी विकत मिळत नाही. कोणतीही तातडी नसताना कोणी कुऱ्हाड चालवत होते, कोणी माळ्यावर मोजमापे घेत होते, कोणी पोरांना ओळंबा धरायला शिकवत होते. जुन्या लाकडी वास्तू जपायच्या असतील तर त्या शाबूत असतानाच त्यांची मोजमापे घेतली पाहिजेत आणि त्या बांधू शकणाऱ्या हातांना दरवर्षी काम दिले पाहिजे. फ्रान्सने ते केले होते, म्हणून राखेतून पुन्हा उभे करण्याजोगे त्याच्यापाशी काहीतरी होते.