संगीताची पदवी : मोकळीक हवी, आराखडाही हवा

संगीतात पदवी घ्यायची म्हणजे बाकीच्या विद्यांवर पाणी सोडायचे, ही समजूत आता टाकायला हवी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आखलेल्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांतले ६० मुख्य विषयाचे, २४ दुय्यम विषयाचे. दुय्यम विषयाची ही जागा हाताला लागेल त्या विषयाने भरू नये. जुन्या ग्रंथांत रस असेल तर संस्कृत, वाद्यांच्या नादाचे कुतूहल असेल तर भौतिकशास्त्र, असा जोडविषय विचार करून निवडावा.

यावर रास्त आक्षेप असा, की रियाजाला अखंड वेळ लागतो आणि अनेक विषयांत फिरणारा विद्यार्थी कशातच मुरत नाही. म्हणूनच रियाजाचे तास आधी राखावेत आणि बाकीचे विषय त्यांभोवती बसवावेत. पण इतर अभ्यासाने गाणे मागे पडतेच, असे नाही. कायदा शिकलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी जुने ग्रंथ तपासून रागांची दहा थाटांत मांडणी केली. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या घेतल्या. त्यांनी मैफली गाजवल्या आणि संगीतावर ग्रंथही लिहिले. विद्यार्थ्यांना अशी मोकळीक मिळत असताना त्यांना विषयनिवडीत नीट मार्गदर्शन करणे, हे महाविद्यालयांचे कर्तव्यच आहे.