शालेय बालकांतील वर्तनसमस्यांची चाळणी तपासणी

शाळेच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मुलाच्या वागण्यातील अडचणी वेळीच ध्यानात याव्यात, यासाठी सर्व मुलांची जी सोपी व पद्धतशीर पाहणी केली जाते, तिला चाळणी तपासणी म्हणतात. शाळांमध्ये आणि दवाखान्यांत ती ‘स्क्रीनिंग’ या नावाने परिचित आहे. तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या तपासणीहून ती वेगळी असते, कारण तिच्यात ज्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नाही अशा मुलाकडेही तितक्याच काळजीने पाहिले जाते. चाळणीतून निदान होत नाही. कोणत्या मुलाला तज्ज्ञाने पुन्हा पाहावे, एवढेच तिच्यातून ठरते.

या विचाराचा उगम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. अमेरिकन संशोधक ई. के. विकमन यांनी 1928 मध्ये शिक्षक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची मते पडताळून पाहिली. शिक्षकांना चोरी, खोटे बोलणे, उद्धटपणा हे दोष गंभीर वाटत होते, तर तज्ज्ञांना एकलकोंडेपणा व घुमेपणा अधिक चिंताजनक वाटत होता. वर्गात गोंधळ घालणारे मूल आपोआप नजरेत भरते आणि गप्प बसणारे निसटते, हे त्यातून स्पष्ट झाले. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने 1937 मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातील अशा आरंभीच्या केंद्रांत त्याची गणना होते. पुढे इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांनी 1967 मध्ये शिक्षकांसाठी 26 विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि मुलाच्या दैनंदिन सहवासातील शिक्षकाचे निरीक्षण शास्त्रीय साधन म्हणून मान्यता पावले.

महाराष्ट्रात आज या कामाचा मुख्य आधार म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम होय. त्याचा राष्ट्रीय प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत विभागलेल्या 30 अवस्था तो विचारात घेतो. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळेत एकदा तपासणी करते. अधिक तपासणीची गरज असलेली मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावीत, अशी योजना आहे. मूळ यादीत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि अवधानाच्या अभावासह येणारी अतिचंचलता यांचा समावेश आहे. लहान वयातील भीती, उदासपणा किंवा आक्रमकता यांना मात्र तीत स्वतंत्र स्थान नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम साहजिकच वर्गशिक्षकाकडे येते.

वर्तनसमस्यांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग बाह्याभिमुख समस्यांचा. मारामारी, वस्तूंची मोडतोड, सततची अवज्ञा यांचा त्यात समावेश होतो. दुसरा अंतराभिमुख समस्यांचा. शाळेची भीती, सारखे पोट दुखणे, खेळातून अंग काढून घेणे, घरी बोलणाऱ्या मुलाने शाळेत मुके राहणे ही त्याची लक्षणे होत. तिसऱ्या वर्गात विकासाशी निगडित अवस्था येतात. नजरेला नजर न देणे, हाक मारल्यावर प्रतिसाद न देणे, बोलायला उशीर लागणे अशा खुणांवरून त्यांचा संशय येतो. चौथा वर्ग सवयींचा असून पाच वर्षांनंतरही अंथरूण ओले करणे, माती खाणे, नखे कुरतडणे यांची गणना त्यात होते. एकाच मुलात दोन वर्गांतील लक्षणे आढळणे नेहमीचेच आहे.

साधनांपैकी सर्वाधिक प्रसार रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीचा झाला. मुलाची बलस्थाने आणि अडचणी या दोहोंची ती नोंद घेते. तिच्यात 25 विधाने असून भावनिक अडचणी, बेशिस्त वर्तन, अतिचंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि परोपकारी वृत्ती असे पाच भाग आहेत. प्रत्येक विधानासमोर ‘खरे नाही’, ‘काहीसे खरे’ किंवा ‘नक्की खरे’ यांपैकी एका पर्यायावर खूण करायची आणि 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे. पहिल्या चार भागांची बेरीज 0 ते 40 होते. मूळ निकषांनुसार शिक्षकाच्या पत्रकात 16 आणि पालकाच्या पत्रकात 17 गुणांपासून मूल अधिक चिंतेच्या गटात धरले जाते. मागील सहा महिन्यांतील वागणूक डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे द्यायची असल्याने एखाद्या वाईट दिवसाचा निकालावर फारसा परिणाम होत नाही.

चाळणीच्या मर्यादा साध्या गणितानेही समजतात. समजा, 100 मुलांपैकी 10 मुलांना खरोखर समस्या आहे. प्रश्नावली त्यांपैकी 8 अचूक ओळखते आणि उरलेल्या 90 मुलांपैकी 81 मुले ठीक असल्याचे सांगते. म्हणजे 9 निरोगी मुलांवर उगाच खूण होते. एकूण 17 मुले पुढील तपासणीस जातात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना काहीच झालेले नसते. चाचणी चांगली असूनही असे घडते. म्हणून खूण झालेल्या मुलाचे नाव वर्गात वाचून दाखवणे किंवा त्याला ‘तसलाच’ म्हणून वेगळे बसवणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो.

वर्तनाचा दोष ठरवण्यापूर्वी शरीर तपासणे अगत्याचे असते. ‘ऐकत नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलाचा कान वाहत असू शकतो. फळ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला चष्मा हवा असेल, पेंगणाऱ्याला रक्तक्षय असेल. काही क्षण शून्यात पाहणाऱ्याला अपस्माराचा सौम्य प्रकारही असू शकतो. शिवाय एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराने लहान-मोठी मुले असतात. वर्गातील सर्वांत लहान मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का अधिक बसतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे.

चाळणी प्रत्यक्ष राबवताना येणाऱ्या अडचणी एका जिल्ह्याच्या उदाहरणातून दिसतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा 17,048 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि 14 तालुक्यांचा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातील किंवा जामखेडच्या टोकावरील पालकाला मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पथकाची गाडी त्या काळात शाळेत आली, तर ही मुले तपासणीतून सुटतात. हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देणारे शिक्षण हमी पत्रक या सोयी राज्यात आहेत. त्या पत्रकासोबत शिक्षकाने मुलाच्या वर्तनाची चार ओळींची गोपनीय नोंद पाठवली, तर नव्या शाळेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर मुलांबाबत वेगळे भान हवे. घरची बोली आणि पुस्तकी मराठी यांत अंतर असल्याने नवे मूल काही महिने अबोल राहते. तेवढ्यावरून त्याला समस्याग्रस्त ठरवू नये.

पदवीधर तज्ज्ञांची वाट न पाहता आरोग्याचे काम कसे करता येते, याचा वस्तुपाठ याच जिल्ह्यात घडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि फारसे न शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. या कार्यासाठी उभयतांना 1979 चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले. घराघराची माहिती असलेल्या व्यक्तीला आजाराची चाहूल आधी लागते, हे त्या प्रकल्पाचे तत्त्व अंगणवाडीसेविका, आशाताई आणि प्राथमिक शिक्षक यांनाही तंतोतंत लागू पडते.

मदतीच्या पायऱ्या बहुधा साध्याच असतात. मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, काम लहान तुकड्यांत देणे, चांगल्या वागण्याची लगेच दखल घेणे आणि पालकांना मारहाणीऐवजी ठाम पण शांत शिस्तीची रीत शिकवणे यांनी पुष्कळ अडचणी सुसह्य होतात. बोलण्याच्या विलंबासाठी वाचा-उपचार लागतात. औषधांचा विचार लहान वयात तज्ज्ञ फार जपून करतात. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यता दिल्यामुळे निदानानंतर सवलतींचा मार्गही खुला होतो. पालकांना 14416 या टेली-मानस क्रमांकावर सल्ला मिळू शकतो.

किती मुले तपासली, हा आकडा अहवालात ठळक दिसतो. परंतु खूण झालेल्यांपैकी किती मुले तज्ज्ञापर्यंत पोहोचली आणि तज्ज्ञाचा सल्ला किती वर्गशिक्षकांना कळवला गेला, हे दोन आकडे त्याच्याशेजारी मांडल्याशिवाय त्या तपासणीचे मोल ठरवता येत नाही.