भिंतीआडची दाटी

मी बी. ए. झालो तो मराठी साहित्य घेऊन. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता आणि ती गेली की हाताने पंखा हलवण्यापुरता. तरी आज मी पाइपातल्या तारांबद्दल बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या धाकट्या मुलीने कूलरमध्ये पाणी भरताना त्याच्या पत्र्याला हात लावला आणि ती फेकली गेली. पायात रबरी चपला होत्या, फरशी कोरडी होती, म्हणून कोपराला मार लागण्यावर भागलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कूलरच्या झटक्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतातच. त्यातल्या सगळ्या कोपरावर भागत नाहीत.

वायरमनला बोलावलं. त्याने कूलरचा पंप पाहिला, मग भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि म्हणाला, "भाऊ, भोकं तीन हायेत, तारा दोनच." तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक अर्थिंगचं असतं. पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायची वाट त्या भोकामागच्या हिरव्या तारेने मिळते. आमच्याकडे त्या भोकामागे काहीच नव्हतं. मग त्याने वरचा जंक्शन बॉक्स उघडला. पाऊण इंची पाइपात अकरा तारा होत्या: दोन चारच्या, चार अडीचच्या, पाच दीडच्या. हिरवी एकही नाही. बॉक्समध्ये मात्र तिचं कापलेलं टोक होतं.

तेव्हा मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एसी बसवताना नवी लाइन ओढायची होती. नवा पाइप टाकायचा तर भिंतीला झिरी मारावी लागणार, नुकताच दिलेला रंग खराब होणार. मीच म्हणालो होतो, "भिंत फोडू नका, आहे त्याच पाइपातून घ्या." त्या कारागिराने जागा केली ती हिरवी तार बाहेर ओढून. तिच्यावाचून दिवा लागतो, पंखा फिरतो, म्हणून ती गेल्याचं कुणाला कळत नाही.

यानंतर मी या विषयाचा नाद घेतला. पहिल्यांदा समजलं ते असं, की आपण पाइप आणि तार दोन्ही चुकीच्या बाजूने मोजतो. 'दीडची तार' म्हणतो तेव्हा ते दीड चौरस मिलिमीटर नुसत्या तांब्याचे असतात. वरचं आवरण धरलं तर तार साधारण ३ मिलिमीटर जाड होते आणि पाइपातली सुमारे ७ चौरस मिलिमीटर जागा घेते. अडीचची तार दहाएक घेते, चारची चौदाएक. पाइपाचं उलट. २० मिलिमीटर हे त्याचं बाहेरचं माप. आतून तो १७च्या आसपास, म्हणजे जागा सुमारे २२७ चौरस मिलिमीटर. माझ्या अकरा तारांची बेरीज केली तर १०३ येते.

म्हणजे पाइप अर्धाही भरला नव्हता! तरी वायरमन नवी हिरवी तार स्प्रिंगला बांधून घालू लागला तेव्हा ती दुसऱ्या बेंडला अडली ती अडलीच. गोल तारा गोल पाइपात धान्यासारख्या बसत नाहीत. मध्ये पोकळ्या राहतात, वळणावर तारा एकमेकींवर चढतात, आवरण घासून सोलतं. म्हणून अमेरिकेतला नियम असा आहे, की तीन किंवा अधिक तारा असतील तर पाइपाची ४० टक्केच जागा भरायची. आमची ४५ टक्के भरली होती. गंमत म्हणजे दोनच तारा असतील तर तिथे ३१ टक्क्यांवर थांबावं लागतं, कारण दोन तारांची रचना सर्वांत वेडीवाकडी आणि सर्वांत जास्त जागा वाया घालवणारी. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचा तक्ता याहून बराच कडक आहे. २० मिलिमीटरच्या पाइपात दीडच्या तारा सरळ पाइप असेल तर ५, वळण असेल तर ४. अडीचच्या सरळ ५, वळणात फक्त ३. पाइप २५ मिलिमीटरचा घेतला तर दीडच्या १० आणि ८. पाच मिलिमीटरने क्षमता दुप्पट होते, हे मला फार विलक्षण वाटलं. गझलेच्या ओळीत एक मात्रा जास्त झाली तर कान लगेच सांगतो. पाइप भिंतीत पुरलेला, तो काय सांगणार?

तक्त्याचा कडकपणा मला आपल्या हवेला साजेसा वाटतो, कारण दाटीची खरी गोष्ट जागेची नाहीच, उष्णतेची आहे. तारेतून वीज गेली की ती तापते. वीज दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी आवरणाला ७० अंशांपर्यंत सोसतं. हवा ४० अंशांची धरून तारेची क्षमता काढली, तर तापायला ३० अंशांची सवड असते. आता चंद्रपूरचा मे आठवा. पारा ४७-४८वर जातो. सवड उरते २२ अंशांची आणि तारेची क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी उतरते. गच्चीच्या स्लॅबमधला पाइप तर हवेपेक्षाही तापलेला असतो. त्यात तीन सर्किटं एकाच पाइपात असतील तर शेजारच्या तारांची ऊब म्हणून आणखी ३० टक्के वजा. वीस अँपिअरची म्हणून घेतलेली तार अशी बारा अँपिअरवर येते. बाकीच्या ठिकाणी सगळी उपकरणं एकदम चालत नाहीत, या भरवशावर निभावून जातं. आपल्याकडे दुपारी दोन वाजता एसी, कूलर, पंखे, फ्रीज सगळं एकदमच चालू असतं. तारेला सर्वांत जास्त काम पडतं ते ती सर्वांत दुबळी असते त्याच वेळी.

मग एमसीबी पडू लागतो. गरम हवेत तो थोडा लवकर पडतो, हेही खरं. लोक कंटाळतात आणि सोळाचा काढून बत्तीसचा लावतात. वीज जात नाही, सगळे खूश. तार आत भाजत राहते. ठरल्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमानात आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ नियम आहे.

जुन्या लोकांचं या बाबतीत बरं होतं. मध्यंतरी कविसंमेलनासाठी आलापल्लीला गेलो होतो. तिथे एका जुन्या घरात भिंतीवर सागाच्या पट्ट्यांची फिटिंग अजून दिसली. पट्टीवर तारा शेजारी शेजारी, पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेल्या. सगळ्या उघड्यावर, वारा लागणाऱ्या. सागाच्या मुलखात सागाची पट्टी, यात नवल नाही. पण तिच्यावर जास्तीची तार टाकली तर ती घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसायची. नंतर प्लास्टिकची केसिंगपट्टी आली. गडचिरोलीकडच्या कवेलूच्या, मातीच्या भिंतींच्या घरांत तीच सोयीची. तिचं झाकण निदान निघतं तरी. कन्सील्ड फिटिंग दिसायला सुबक, पण त्यात सगळंच झाकलं गेलं.

तारेला वारा किती हवा असतो हे आमच्या गावाबाहेरच दिसतं. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एकदिश विजेची वाहिनी गेली आहे, क्षमता १५०० मेगावॅट. तिच्या तारांवर प्लास्टिकचं आवरणच नाही. उंच मनोऱ्यांवर एकमेकींपासून लांब, त्या नुसत्या हवेवर थंड राहतात. त्यांच्याखाली राहणारे आम्ही मात्र पाऊण इंचात अकरा कोंबतो.

आता आमच्याकडेही फ्लॅटच्या इमारती झाल्या. खाली पार्किंगमध्ये मीटर आणि तिथून वर जाणारी पत्र्याची चौकोनी नळी, जिला वायरमन डक्ट किंवा ट्रंकिंग म्हणतात. तिचा हिशेब वेगळा. अमेरिकेत ती फक्त २० टक्के भरायची. वीज वाहणाऱ्या तारा तीसच्या आत असल्या तर मग शेजारच्या उबेपोटी क्षमता कमी करावी लागत नाही. इंग्लंडमध्ये ४५ टक्के चालतात, पण उबेचा हिशेब तिथे वेगळा मांडावाच लागतो. उदाहरण घ्या. नळी १०० बाय ५० मिलिमीटर, जागा ५००० चौरस मिलिमीटर, तिचे २० टक्के म्हणजे १०००. दहाची तार आवरणासकट सुमारे ३० चौरस मिलिमीटर घेते. बारा फ्लॅट, प्रत्येकी फेज आणि न्यूट्रल, अशा २४ तारांचे ७२० झाले. बसलं. प्रत्येक फ्लॅटची वेगळी हिरवी तार धरली की १०८० होतात. नाही बसलं. इथे मोठी नळी घ्यायची, की बारा हिरव्या तारा विसरायच्या? माझ्या घरी हा प्रश्न मी नकळत सोडवला होता.

आमच्याकडे शेवटी भिंत फुटलीच. एसीसाठी वेगळा एक इंची पाइप टाकला, जुन्या पाइपातून एसीची जोडी काढली, मग हिरवी तार दोन्ही बेंडांतून सुरळीत गेली. मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. वायरमनने जाताना नव्या पाइपात, पुढे कधी लागली तर म्हणून, नायलॉनची एक दोरी ओवून ठेवली आणि तिचं टोक बॉक्समध्ये गुंडाळलं. मुलगी स्टुलावर उभी राहून सगळं पाहत होती. रंगाचा ठिगळ अजून भिंतीवर तसाच आहे, आधीच्या रंगाशी काही जुळला नाही.