लग्नपत्रिकांच्या बाहुल्या

सुरतेतल्या मराठी घरात जरीच्या काठांचे तुकडे आणि जुन्या लग्नपत्रिका यांना तोटा नसतो. लेकीने हिनामात्सुरीच्या बाहुल्या करायच्या ठरवल्या तेव्हा आम्हाला बाहेरून फक्त डिंक आणावा लागला.

३ मार्चचा हा जपानमधला मुलींचा सण. लाल कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. आपली गौरींची आरास आठवा. पूर्ण मांडणी सात पायऱ्यांची आणि १५ बाहुल्यांची: वर राजा-राणी, खाली दासी, वादक, मंत्री, सेवक. जागा कमी असेल तर नुसती जोडीही चालते. आम्ही जोडीच केली.

जाड पत्रिकेची १५ सेंटीमीटर उंच, दोन बोटं जाड नळी करा. तिचा वरचा ३ सेंटीमीटर भाग डोक्यासाठी सोडून खाली रंगीत कागद गुंडाळा, हा किमोनो. गुंडाळताना बाहुलीच्या डाव्या हाताकडची बाजू वर यायला हवी. उलटी घडी तिकडे मृताला घालतात, म्हणून इथे घाई नको. कमरेला जरीचा काठ, डोक्याला काळा क्रेप कागद, चेहऱ्याला पांढरी गोल चकती. नाक-डोळे काढू नका, कोरा चेहराच छान दिसतो.

पूर्वी अंगावरची इडापिडा कागदी बाहुलीवर उतरवून ती नदीत सोडत. वाकायामाच्या आवाशिमा देवळात आजही ३ मार्चला बाहुल्या होडीतून समुद्रात सोडतात. आम्ही ते केलं नाही. तापीत आणखी कागद कशाला?

सण झाला की बाहुल्या लगेच आवरायच्या, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं, असाही तिकडे समज आहे. लेकीने आजीकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं तशाच. आधी कॉलेज होऊ दे तुझं."

बाहुल्या कपाटावर राहिल्या आणि त्यांच्याकडे बघून सासूबाईंना गुलाबाई आठवली. त्या जळगावकडच्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची गुलाबाई-गुलोजीची जोडी बसवायची, संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायची, डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. उधना-लिंबायत भागात खानदेशी घरं कितीतरी, पण आमच्या सोसायटीत गाणी म्हणायला मुली जमत नाहीत. सासूबाईंनाही आता काही गाण्यांची सुरुवातच आठवते, शेवट नाही. मला जपानी बाहुलीच्या घडीचा नियम पाठ, आणि घरातलं गाणं अर्धवट, हे मला बोचलं.

सध्या रोज जेवणानंतर सासूबाई सांगतात आणि लेक लिहून घेते. तिची लिपी गुजराती, शब्द अहिराणी वळणाचे. एका गाण्याची मधली दोन कडवी सापडत नव्हती, ती सासूबाईंच्या बहिणीने भुसावळहून फोनवर म्हणून दाखवली. कागदी गुलाबाई मात्र सासूबाईंना मान्य नाही. "मातीचीच हवी," म्हणतात. गुलोजीचा फेटा पत्रिकेचा करायला मात्र परवानगी मिळाली आहे.