धाग्यांचा गुंता आणि संगणक

बमरोली, पांडेसरा, उधना या परिसरात राहणाऱ्या आपणां सर्वांना यंत्रमागाची खडखड परिचित आहे. खानदेशातून येथे येऊन स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांचा उदरनिर्वाह या धाग्यांवर चालतो. परंतु धागे संगणकातही असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. एकाच आज्ञावलीतील जी कामे जोडीने चालतात, त्यांपैकी प्रत्येकास ‘थ्रेड’ म्हणजे धागा असे म्हणतात. हे सर्व धागे एकच स्मृती वापरतात, आणि गुंता होतो तो तेथेच.

एक दृष्टांत घेऊ. कारखान्यात ताक्यांची एक नोंदवही आहे. ‘चालू वही दुसऱ्या कपाटात आहे’ अशी चिठ्ठी फळ्यावर लावलेली आहे. ही चिठ्ठी म्हणजे ‘संदर्भ’ आणि वही म्हणजे ‘वस्तू’. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा या भाषेचा नियमग्रंथ सांगतो की, संदर्भाचे वाचन व लेखन नेहमी अखंड असते. म्हणजे चिठ्ठी बदलली जात असताना कोणी ती वाचली, तर त्यास जुनी तरी दिसेल किंवा नवी तरी. अर्धी जुनी व अर्धी नवी कदापि दिसणार नाही.

हे वाचून ‘मग सारेच सुरक्षित’ असे कोणी समजेल, तर त्याची फसगत होईल. समजा, वहीत ४० ताके नोंदलेले आहेत. दोन कारकुनांनी तो आकडा एकाच वेळी वाचला, प्रत्येकाने आपला एक ताका मिळविला आणि दोघांनीही ४१ लिहिले. वास्तविक ताके ४२ झाले! चिठ्ठी बिनचूक होती. हिशेब मात्र चुकला. शिवाय, योग्य ती व्यवस्था नसेल तर दुसऱ्या धाग्यास नवी चिठ्ठी दिसूनही वहीतील ताज्या नोंदी दिसत नाहीत, असेही घडू शकते. एकाचे लेखन दुसऱ्यास केव्हा दिसलेच पाहिजे, याचे सुधारलेले नियम जावाने २००४ साली स्वीकारले.

यावर उपाय आहेत. एका वेळी एकानेच वही हाताळावी, हा पहिला. या प्रश्नाचे उत्तर डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. एकदा लिहिलेली वही पुन्हा बदलूच नये, हा दुसरा. रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली निघाली. धाग्यांत वाटून घेण्यास अयोग्य असलेला संदर्भ तिचा भाषांतरक आज्ञावली चालण्यापूर्वीच नाकारतो.

हा केवळ ताक्यांचा प्रश्न नव्हे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे मिळाली व त्यांतील काही दगावले. जोडीने चालणाऱ्या कामांचा चुकलेला मेळ हे त्यामागील एक कारण होते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, नियमग्रंथ वाचताना तो काय हमी देतो याबरोबरच कशाची हमी देत नाही, हेही पाहावे. चिठ्ठीची हमी म्हणजे वहीची हमी नव्हे.