पट्टेवाली आली सांदवाडीत!

थांब, पळू नकोस! आणि ती चप्पलही खाली ठेव!

बघ, घरामागच्या सांदवाडीत वालाच्या, म्हणजे आपल्या पोपटाच्या वेलापाशी हवेत काहीतरी थांबलंय. हो, चक्क थांबलंय! वर नाही, खाली नाही, पुढे नाही, मागे नाही. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं. पिवळं अंग आणि त्यावर काळे पट्टे!

‘बापरे, मधमाशी!’ असंच वाटलं ना? आजी म्हणेल, ‘अगं बाई, गांधीलमाशी!’

दोघींपैकी कुणीच नाही! ती आहे माशी. आपल्या भाताच्या ताटावर घोंगावणाऱ्या माशीची दूरची बहीण. शेतीचं शिकलेले लोक तिला सिरफिड माशी म्हणतात. आणि ऐक, तिला नांगीच नसते! चावायचं म्हटलं तरी जमायचं नाही तिला.

ताडोबातला पट्टेवाला वाघ दिसावा म्हणून लोक भल्या पहाटे उठून जिप्सीत बसतात. ही पट्टेवाली आपणहून दारात येते. तेही फुकट!

पण नांगी नाही, तर मग हे पट्टे कशाला?

तान्हा पोळा आठव. लाकडी बैल घेऊन सगळी मुलं नटूनथटून निघतात. एखादं पोर वाघ होऊन येतं आणि कडेवरचं बाळ त्याला बघून भोकाड पसरतं! माशीनंही असंच सोंग घेतलंय. मधमाशीचा डंख एकदा खाल्लेला पक्षी पुढच्या वेळी पिवळे-काळे पट्टे दिसले की लांबच राहतो. मग ही सोंगाडी आरामात फुलातला रस पिते.

आता हे सोंग पकडायचं कसं? सोपं आहे. रंगावर जायचं नाही, पंख मोजायचे!

मधमाशीला पंख चार. गांधीलमाशीलाही चार. आणि माशीला? फक्त दोन! घरमाशी, डास, चिलट, सगळ्यांना दोनच. म्हणून तर या अख्ख्या खानदानाला द्विपंखी म्हणतात.

पण मधमाशी इथे आपल्याला चकवते! तिचा पुढचा आणि मागचा पंख बारीक बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेला असतो. त्यामुळे चार पंख दोनच वाटतात. मग काय करायचं? सरळ तोंड बघायचं! मधमाशीच्या मिशा लांब, कोपरातून वाकवल्यासारख्या. सिरफिड माशीच्या मिशा मात्र एवढ्याशा, आखूड. डोळे मात्र भले मोठे, जवळजवळ सगळं डोकं डोळ्यांनीच भरलेलं! दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले दिसले, तर तो बहुतेक नर. मध्ये फट असेल तर मादी.

बरं, माशीचे मागचे दोन पंख गेले कुठे? ओळख पाहू!

त्यांच्या जागी दोन चिमुकल्या गाठी असतात, टाचणीसारख्या. त्यांना म्हणतात संतोलक. फुगडी घालताना डोळे मिटले, तरी आपण गरगर फिरतोय हे कळतं ना? ते कळतं आपल्या कानाच्या आतल्या भागामुळे. माशीला ते कळतं या गाठींमुळे! माशी उडताना त्या सारख्या थरथरत असतात. अंग जरा कलंडलं की लगेच तिला खबर! पंख तर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलतात. म्हणूनच ती हवेत एका जागी उभी राहू शकते.

सगळ्यात भारी खूण तर पंखातच लपलीय. भिंग घेऊन बघ. पंखावर शिरांची जाळी असते आणि प्रत्येक शीर कुठल्यातरी दुसऱ्या शिरेला मिळते किंवा पंखाच्या कडेपर्यंत जाते. पण मधोमध एक शीर अशी असते, जी कुठूनच निघत नाही आणि कुठेच पोचत नाही! ती खरी शीर नाहीच, नुसती पंखाची घडी. ही खोटी शीर दिसली की समजायचं, सिरफिड माशी सापडली!

अशा खुणा बघून आपल्या देशातल्या या माश्यांवर एक जाडजूड पुस्तक १९२३ साली निघालं. लिहिणाऱ्याचं नाव एन्रिको ब्रुनेत्ती. कोलकात्यात बरीच वर्षं राहिलेला हा माणूस पेशानं कोण होता, सांग बरं? संगीतकार! गुणगुणणाऱ्या माश्यांचा नाद त्याला लागला, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आता पोपटाच्या वेलाकडे परत चल. कोवळ्या शेंड्यावर काळ्या, बारीक किड्यांचा चिकट मावा बसलाय ना? त्याच्या शेजारी तांदळाच्या बारीक कणीसारखं काही पांढरं दिसतंय? ते या माशीचं अंडं! मादी मुद्दाम माव्याजवळच अंडी घालते. कारण बाळ अंड्यातून निघालं की त्याला लगेच भूक लागते. हे बाळ म्हणजे अळी. तिला ना पाय, ना डोळे! ती डोकं इकडेतिकडे हलवत चाचपडते, एक मावा पकडते, वर उचलते आणि शोषून टाकते. मग दुसरा. मग तिसरा. मोठी होईपर्यंत ती शेकडो मावा फस्त करते! आई फुलातला रस पिणारी आणि बाळ पक्कं शिकारी. आहे की नाही अजब घर?

म्हणून घरी कुणी माव्यावर औषध फवारायला निघालं, तर आधी पान उलटून बघ. कणीसारखी अंडी किंवा हिरवट अळी दिसली, तर मोठ्यांना हाक मार आणि दाखव. फवारलं तर माव्यासोबत तीही मरेल.

आणि ओळख पटत नसेल, तर माशीला पकडू नकोस. वरून एक, बाजूनं एक आणि तोंडाचा एक असे फोटो काढ. ते शाळेत बाईंना दाखव किंवा सिंदेवाहीच्या नाहीतर सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात ने. सोबत झाडाचं नाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नकोस!